सात ग्रॅमची गाडी

१९७२ साली फॉर्म्युला वनच्या नियमाप्रमाणे शर्यतीच्या गाडीचं वजन किमान ५५० किलो भरावं लागे. त्या वर्षी एमर्सन फिटिपाल्डीला जगज्जेता करणारी काळी-सोनेरी लोटस ७२ या आकड्याच्या जवळपासच होती. ही गाडी सगळ्या बाजूंनी ४३ पट लहान करायची म्हटली, तर तिचं वजन किती होईल? लांबी ४३ पट घटली, रुंदी ४३ पट घटली, उंचीही ४३ पट घटली. म्हणजे वजन घटलं ४३ × ४३ × ४३, अर्थात ७९,५०७ पटींनी. भागाकार केला की उत्तर येतं सात ग्रॅम, तेही जेमतेम. इंजिन, चाकं, पंख, रिकाम्या टाक्या, सगळं धरून सात ग्रॅम!

याच गाडीचं १/४३ प्रमाणातलं व्हाइट मेटलचं किट जोडून तराजूत टाकलं, तर ते याच्या दहापट तरी भरतं. लोटसचा कर्ताधर्ता कॉलिन चॅपमन हा गाडीतलं वजन कमी करण्याच्या ध्यासानं झपाटलेला माणूस. आणि त्याच्या गाडीची प्रतिकृती करायला धातू निवडला कोणता, तर कथील आणि शिसं यांचं जडशीळ मिश्रण, जे सुरीनं तासलं जातं आणि घरातल्या गॅसवरसुद्धा वितळतं. शर्यतीच्या गाडीला जे जे चालणार नाही, ते ते सगळं या धातूत एकवटलेलं आहे. तरीही गेली पन्नासेक वर्षं इंग्लंड, इटली, जपानमधले कारागीर शर्यतीच्या गाड्यांचा सर्वांत बारीक इतिहास याच धातूत ओतत आले आहेत. हे असं का, याचा शोध घेत गेलं की दर पावलाला थक्क व्हायला होतं.

आधी त्या ४३ या विचित्र आकड्याचं बघू. ५० नाही, ४० नाही, ४३च का? त्याचं मूळ मोटारींत नाही, खेळण्यातल्या आगगाड्यांत आहे. इंग्लंडमध्ये ‘ओ गेज’ नावाच्या खेळण्यातल्या रेल्वेचं प्रमाण ठरलं होतं एका फुटाला सात मिलिमीटर. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातानं भागलं की साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीनं १९३० च्या दशकात या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी टॉइज म्हणून जगभर गेल्या. रेल्वे मागे पडली, ४३ मात्र टिकला. फिटिपाल्डीच्या लोटसच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या थोडं वर होतं. या प्रमाणात ते होतं ५९ मिलिमीटर. अख्खी गाडी तळहातावर मावते.

डिंकीच्या बहुतेक मोटारी ज्या धातूच्या होत्या तो जस्ताचा मिश्रधातू. तो पोलादी साच्यात प्रचंड दाबानं भरावा लागतो. पोलादी साचा कोरणं हे महागाचं काम, त्यामुळे एका साच्यातून हजारो नग निघाले तरच ते परवडतं. म्हणूनच खेळण्यांच्या कंपन्या लोकांच्या ओळखीच्या, हमखास खपणाऱ्या गाड्याच काढत. एका मोसमात तीन शर्यती धावून अडगळीत गेलेल्या गाडीसाठी असा साचा कोण कोरणार?

व्हाइट मेटलनं नेमकं इथंच सगळं चित्र पालटलं. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. दोन्ही एकत्र केली तर मिश्रण यांच्या अधेमधे कुठेतरी वितळेल असं आपल्याला वाटतं. पण साधारण ६२ भाग कथील आणि ३८ भाग शिसं घेतलं, तर ते १८३ अंशांनाच पाणी होतं! दोघांपैकी कुणालाही एकट्याला जे जमत नाही, ते मिसळल्यावर होतं. दोन वेगळ्या आकारांचे अणू एकमेकांना स्फटिकात नीट रचून बसू देत नाहीत, म्हणून द्रव आणखी खाली, आणखी थंड होईपर्यंत द्रवच राहतो. किटांच्या धातूचं नेमकं प्रमाण ज्याच्या त्याच्या कारखान्यावर ठरतं, पण तत्त्व हेच.

त्यात थोडी अँटिमनी घालतात. तिच्यामुळे धातू कडक होतो आणि थिजताना फारसा आक्रसत नाही, त्यामुळे साच्याचा कोपरा न् कोपरा भरलेला राहतो. शिसं, कथील, अँटिमनी हे त्रिकूट मराठी वाचकाला अनोळखी नाही. आपली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं पिढ्यान् पिढ्या ज्या खिळ्यांवर छापली गेली, ते याच तिघांच्या मिश्रणाचे होते. फक्त त्यांत शिसं बरंच जास्त. जावजी दादाजींचा मुंबईतला निर्णयसागर छापखाना ज्या देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी नावाजला गेला, त्यांतली अनुस्वाराची टिंबं आणि रफारांचे बाक ज्या गुणामुळे उमटले, त्याच गुणामुळे लोटसच्या इंजिनावरचे बोल्टही उमटतात. बारीक अक्षर आणि बारीक बोल्ट यांत धातूच्या दृष्टीनं फरक काहीच नाही.

इतक्या कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूला पोलादी साचा लागत नाही, रबराचा पुरतो. सगळी किमया या एका वाक्यात आहे.

साचा बनतो कसा? कच्च्या रबराच्या दोन जाड, गोल तबकड्या घ्यायच्या. आधी कुणीतरी पितळेत किंवा रेझिनमध्ये हातानं घडवलेले (आता बहुधा संगणकावर आखून थ्री-डी प्रिंटरवर काढलेले) मूळ नमुने दोन तबकड्यांच्या मधे मांडायचे. मग हे सारं तापत्या दाबयंत्रात घालायचं. दाब आणि उष्णतेनं रबर आधी मऊ होऊन नमुन्याच्या प्रत्येक खाचेत शिरतं आणि मग कायमचं घट्ट होतं. तबकड्या उघडून नमुने काढले की मागे पोकळ्या उरतात. मधल्या भोकापासून प्रत्येक पोकळीपर्यंत सुरीनं वाटा कापायच्या, हवा बाहेर पडायला बारीक चिरा द्यायच्या, आत टाल्कम पावडर भुरभुरायची. आता तबकड्या पुन्हा एकमेकींवर ठेवून मिनिटाला काहीशे फेऱ्यांच्या वेगानं फिरवायच्या आणि मधल्या भोकात वितळलेला धातू ओतायचा. फिरण्याच्या जोरानं तो बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि पंखाच्या टोकापर्यंत, आरशाच्या दांडीपर्यंत पोचतो. थोड्याच वेळात तो थिजतो. साचा थांबवून उघडला की सगळे भाग चकाकत एका चक्रात जोडलेले हाती येतात.

रबराचा आणखी एक गुण मला फार विलक्षण वाटतो. पोलादी साच्यातून वस्तू सरळ बाहेर निघाली पाहिजे. आत वळलेली खाच असली की ती अडकते. रबर मात्र वाकतं, ताणलं जातं, सुटतं आणि पुन्हा जागेवर येतं. म्हणून साध्या दोन तबकड्यांतून असे आकार निघतात, ज्यांच्यासाठी पोलादात पाच-सहा सरकत्या तुकड्यांचा साचा लागला असता. याची किंमतही मोजावी लागते. शेकडो वेळा गरम धातू सोसून रबर कडक होतं, पातळ कडा तडकतात, आणि साच्यातून शेवटी शेवटी निघालेल्या भागांवर पहिल्यांची धार राहत नाही. जाणकार गिऱ्हाईक डबा उघडला की आधी कडा तपासतो तो यासाठी.

साचा स्वस्त झाला, म्हणजे दोन-तीनशे नग खपले तरी भागतं. इंग्लंडमध्ये जॉन डे, वेस्टर्न मॉडेल्स, मग एसएमटीएस, इटलीत टॅमिओ, जपानमध्ये मॉडेल फॅक्टरी हिरो. ही मंडळी एखाद्या गाडीचं मॉडेल करून थांबली नाहीत. त्यांनी एखाद्या गाडीचा एखादा रविवार धरून ठेवायला सुरुवात केली.

याचं उदाहरण म्हणजे लोटस ७२ च. चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही गाडी १९७० मध्ये ट्रॅकवर आली, तोवर फॉर्म्युला वनच्या गाड्या सिगारसारख्या लांबट गोल असत. ही मात्र पाचरीच्या आकाराची: नाक चपटं, रेडिएटर नाकातून काढून दोन्ही कुशींना नेलेले, पुढचे ब्रेकसुद्धा चाकांतून काढून आत घेतलेले. ती १९७५ पर्यंत धावली, म्हणजे आजच्या हिशेबानं म्हातारी होईपर्यंत. या सहा मोसमांत ती सतत बदलत राहिली. ‘लोटस ७२ चं किट’ असं नुसतं म्हटलं, तर किट करणारा लगेच विचारतो, कुठल्या शर्यतीची? १९७० ची गाडी लाल-पांढरी-सोनेरी. त्या वर्षी ५ सप्टेंबरला मोंझाच्या सरावात योखेन रिंट पंख काढलेल्या गाडीतून निघाला होता, जास्त वेग मिळावा म्हणून. गाडीला अपघात होऊन तो गेला, आणि मरणोत्तर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव चालक आहे. त्या दिवसाची गाडी करायची तर डब्यातले पंख बाजूला ठेवावे लागतात. १९७२ ची काळी. चालकाच्या डोक्यामागे इंजिनाला हवा पुरवणारी उंच पेटी आलेली. त्या वर्षी ब्रँड्स हॅचला फिटिपाल्डीच्या गाडीवर ८ आकडा होता. १० सप्टेंबरला मोंझाला त्यानं विजेतेपद पक्कं केलं तेव्हा होता ६, आणि इटलीतल्या रिंटच्या अपघाताच्या खटल्यामुळे गाडीची नोंदही लोटसऐवजी ‘वर्ल्ड वाइड रेसिंग’ या नावानं झाली होती. दोन शर्यती, गाडीचा प्रकार एकच, आणि किट करणाऱ्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू.

डबा उघडला की पहिल्यांदा निराशा होते, हे कबूल करायला हवं. करडे, बोजड तुकडे, काठांना साच्याच्या फटीतून बाहेर आलेले पातळ पापुद्रे, मधोमध दोन तबकड्या जुळल्याची रेघ. यातला एखादा कथलानं समृद्ध दांडा कानाजवळ धरून हलकेच वाकवला, तर बारीक करकर ऐकू येते. आतले स्फटिक एका झटक्यात कलंडतात, त्याचा हा आवाज. धातू बोलतो म्हणजे काय, ते तिथं कळतं.

मग कानस. मऊ धातूचा कीस कानशीच्या दातांत लगेच बसतो आणि ती घसरू लागते. म्हणून जुने कारागीर कानशीवर आधी खडू घासतात, म्हणजे कीस चिकटत नाही आणि ब्रशनं झटकता येतो. रेघा घासून काढायच्या, भोकं हातातल्या बारीक गिरमिटानं हळूहळू पाडायची, कारण अर्ध्या मिलिमीटरचं पातं मऊ धातूत रुतलं की तुटतंच. पत्र्यांच्या जोडांच्या खाचा सुईनं मुद्दाम खोल करायच्या. त्या का, ते पुढे येईलच. प्रत्येक भाग दुसऱ्याशी लावून बघायचा, वाकलेला असेल तर बोटांनीच सरळ करायचा. पोलादाला हे जमलं नसतं, प्लॅस्टिक तुटलं असतं. व्हाइट मेटल ऐकतो. हे काम चिक्कार वेळ खातं आणि फोटोत कधीच दिसत नाही. पण अखेरच्या गाडीचा सगळा रुबाब इथंच ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

जोडायला बहुतेक जण एपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरतात. रेल्वेची मॉडेलं करणारे मात्र डाख देतात, आणि त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. नेहमीच्या डाखाची इस्त्री साडेतीनशे अंशांना तापते. ती या धातूला टेकवली तर भाग जोडला जायच्या आधी त्याचं थारोळं होतं. म्हणून ते बिस्मथ घातलेला असा डाख वापरतात, जो ७० अंशांना वितळतो. पृष्ठभागावरचा ऑक्साइड काढायला थोडं आम्ल लावतात. आपल्याकडे कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर फिरवतो तो याच कामासाठी. जोड चुकला, तर अख्खं प्रकरण उकळत्या पाण्यात सोडायचं. पाणी १०० अंश, डाख ७० चा. सांधे आपोआप सुटतात आणि मूळ भागांना काही होत नाही. उकळत्या पाण्यात धातूची गाडी सुटी होते, यावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही.

रंगाच्या वेळी ४३ आपला हिसका दाखवतो. प्रायमर, रंग आणि वरचं लॅकर मिळून थर झाला समजा एक दशांश मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या मापात तो झाला चार मिलिमीटरांहून जाड! इतक्या रंगाखाली बारीक खाचा बुजून जातात. त्या आधीच खोल करायच्या त्या यासाठी. रंगात अडकलेला डोक्याचा एक केस म्हणजे गाडीवर पडलेला तीन मिलिमीटर जाडीचा दोर. काळा रंग तर सगळ्यांत निष्ठुर: धुळीचा कण, बोटाच्या तेलाचा ठसा, कानशीचा राहिलेला ओरखडा, सगळं तो चव्हाट्यावर मांडतो. म्हणून रंगापूर्वी गाडी साबणाच्या पाण्यानं धुवून वाळवायची आणि त्यानंतर उघड्या बोटानं शिवायचं नाही. एक जाड हात मारण्याऐवजी धुक्यासारखे पातळ अनेक हात, मधे पुरता अवकाश.

आणि धातू जिथं हरतो, तिथं काय? लोटसचं अंग एक-दीड मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं होतं. ४३ नं भागलं तर ते तीन शतांश मिलिमीटर होतं. ओतलेला धातू इतका पातळ करता येत नाही. म्हणून पंखांच्या कडेच्या पट्ट्या, ब्रेकच्या चकत्या, सीटबेल्टची बकलं वेगळ्या पत्र्यातून येतात. पितळेच्या किंवा निकेल-सिल्व्हरच्या पत्र्याला प्रकाशाला दाद देणारा लेप लावतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडनं खाऊन टाकतात. जिथं पत्रा दुमडायचा, तिथं अर्ध्या जाडीपर्यंतच खाऊ देतात, म्हणजे रेघेवर बरोबर घडी पडते. असं एक बकल चिमट्यात धरून बघावं. खरा बेल्ट तीन इंच रुंद. इथं पावणेदोन मिलिमीटर. बकलाच्या मधल्या खिडक्या आरपार असतात, त्यातून बेल्टची पट्टी ओवून परत फिरवायची असते, आणि ती फिरते. चिमट्यातून निसटलं तर जमिनीवर सापडणं अवघड, म्हणून पुष्कळ जण मांडीवर कापड पसरून बसतात.

या गाडीचं इंजिन कॉसवर्थ डीएफव्ही. ते १९६७ मध्ये झांडवोर्टला पहिल्यांदा धावलं आणि जिम क्लार्कनं त्याच दिवशी ती शर्यत जिंकली. पुढे १९८३ पर्यंत या इंजिनानं विश्वविजेतेपदाच्या मालिकेतल्या १५५ शर्यती जिंकल्या. लोटसमध्ये ते गाडीच्या सांगाड्यात बसवलेलं नव्हतं. तेच मागचा सांगाडा होतं. मागची चाकं इंजिनाला आणि गिअरबॉक्सला टांगलेली होती. चांगल्या किटात हीच रचना पाळलेली असते, म्हणून जोडताना चॅपमनचा विचार हाताला कळतो: इंजिन काढा, मागे काही उरतच नाही. वर आठ कर्णे, ॲल्युमिनियममधून लेथवर काढलेले, तोंड जेमतेम दीड मिलिमीटरचं.

सोनेरी रेघा येतात डेकलमधून. पाण्यात घातलं की कागदावरचा डिंक विरघळतो आणि शाईची फिल्म सरकती होते. ती गाडीवर सरकवायची, ब्रशनं जागेवर आणायची, आणि मग मऊ करणारं द्रावण लावायचं. क्षणभर फिल्मला सुरकुत्या पडतात, आता सगळं वाया गेलं असं वाटतं. पण हात आवरायचा. ती स्वतःच ताणून खाचांत, उंचवट्यांवर बसते, जणू रंगवलेलीच. तंबाखूच्या जाहिरातींवरच्या बंदीमुळे काही किटांत नाकावरची सिगारेटची नावं गाळलेली असतात. ती वेगळी मिळवावी लागतात.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. जुन्या किटांत शिसं भरपूर असतं, म्हणून कानस चालवताना काही खायचं नाही, नंतर हात धुवायचे, कीस ओल्या फडक्यानं पुसायचा आणि लहान मुलांपासून दूर ठेवायचा. आज पुष्कळ उत्पादक शिसं नसलेला मिश्रधातू वापरतात. झालेली गाडी ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नये. लाकडातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफा शिशाला खातात आणि त्याची पांढरी भुकटी करतात. वस्तुसंग्रहालयांनाही हा त्रास चांगला ठाऊक आहे.

पहिलंच किट घ्यायचं असेल तर उघड्या चाकांची फॉर्म्युला वन घेऊ नका. अंग बंद असलेली एखादी ल मांची स्पोर्ट्स कार घ्या: एक मोठा ओतीव सांगाडा, एक तळ, चार चाकं, थोडे डेकल. फिकट रंगाची घ्या. लोटस ७२ तिसऱ्या-चौथ्या वेळी.